मोठेबाबा गेले. त्यांच्या वह्यांचं काय करावं?

महालची_लेक

आमचे मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, गेल्या बुधवारी पहाटे झोपेतच गेले. वय ७५. नागपूर शहर पोलिसांत शिपाई म्हणून लागले, ५८ व्या वर्षी सहायक फौजदार होऊन निवृत्त झाले. नाव लिहीत नाही, मोठ्याईची, म्हणजे त्यांच्या पत्नीची तशी इच्छा आहे.

पेपरात चार ओळी आल्या. पश्चात पत्नी, दोन मुली, जावई, नातवंडं असा आप्तपरिवार. त्यात त्यांचं काम कुठेच आलं नाही, म्हणून हा धागा.

गाव काटोलकडचं. संत्र्याची बाग होती, पण वाटण्या झाल्यावर हाती फार काही उरलं नाही. १९७१ साली भरतीत उभे राहिले. नागपूरला पोलीस आयुक्तालय होऊन (१९६५) तेव्हा सहा वर्षं झाली होती. टाकळीच्या पोलीस लाइनीत एक खोली मिळाली आणि तिथेच त्यांचा संसार सुरू झाला. माझ्या बाबांचं शिक्षण त्याच खोलीत झालं, आत्याचं लग्नही तिथूनच लागलं. स्वतःच्या धाकट्या भावाच्या, म्हणजे माझ्या बाबांच्या लग्नाला मात्र ते नव्हते. डिसेंबर होता, विधिमंडळाचं अधिवेशन होतं, सुट्या बंद. मोठ्याई एकटीच मांडवात उभी राहिली. हे ती अजूनही सांगते, आणि सांगताना तिचा आवाज बदलतो.

नोकरीची शेवटची बरीच वर्षं त्यांच्याकडे मर्गचं, म्हणजे अकस्मात मृत्यूंच्या चौकशीचं काम होतं. कुणी अपघातात गेलं, कुणी जीव दिला, कुणी फुटपाथवर बेवारस मेलेलं आढळलं, की ठाण्यात मर्ग दाखल होतो, पंचनामा होतो, प्रेत मेडिकल नाही तर मेयो या सरकारी रुग्णालयात जातं. हे काम कुणालाच नको असतं. चोर पकडला की फोटो छापून येतो. बेवारस माणसाचा वारस शोधून काढला तर साहेबसुद्धा विचारत नाहीत.

आणि नागपुरात असं काम कमी नाही. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन्ही मुख्य मार्ग आपल्या स्टेशनात एकमेकांना छेदतात. स्टेशनच्या आत काही झालं तर लोहमार्ग पोलिसांकडे, बाहेर झालं तर शहराकडे. कुठला तरी माणूस उतरतो, कामाच्या शोधात फिरतो, मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की कॉटन मार्केटच्या सावलीत बसतो आणि उठत नाही. खिशात ना पत्ता, ना फोन नंबर.

मोठेबाबा अशा प्रत्येक माणसाची स्वतःपुरती नोंद ठेवत. ठाण्याचे कागद ठाण्यात, ही त्यांची वेगळी. खाकी पुठ्ठ्याच्या लांबट वह्या, त्या आता लोखंडी पेटीत सापडल्या. एक नोंद ओळख लपवून, थोडी बदलून देते:

"पुरुष, वय अंदाजे ५०. बांधा सडपातळ. पांढरा शर्ट, बारीक निळ्या रेघा. कॉलरीला टेलरचा बिल्ला, पांढुर्णा. चौथी गुंडी वेगळी, काळ्या दोऱ्याने लावलेली. उजवी चप्पल शिवलेली. खिशात एसटीचं तिकीट, तंबाखूची पुडी, एक किल्ली."

खाली वेगळ्या शाईत: "टेलर भेटला. शर्ट ओळखला. भाऊ येऊन घेऊन गेला."

मी कॉलेजात असताना त्यांना विचारलं होतं, गुंडी कशाला लिहिता? ते म्हणाले, "काळ्या दोऱ्यानं लावली हाये, म्हणजे घरी लावून देणारं कोणीतरी हाये. ते वाट पाहून राहिलं असन ना वो."

माझा प्रश्न असा. या वह्यांचं काय करावं? मुली म्हणतात विसर्जनासोबत सोडून द्या. मोठ्याई काहीच बोलत नाही. मला ते पटत नाही, पण ठेवायच्या तर कुणाच्या हवाली करायच्या?

अजनीवाला

भावपूर्ण श्रद्धांजली, ताई.

वह्यांचं जाणकार सांगतील. मी कोषागारात नोकरी केली, म्हणून आधी एक व्यवहाराचं सांगतो, कारण या दिवसांत घरच्यांना सुचत नाही. बँकेला लगेच कळवा. मृत्यूच्या दिवसापर्यंत त्यांचं निवृत्तिवेतन, दुसऱ्या दिवसापासून तुमच्या मोठ्याईंचं कुटुंब निवृत्तिवेतन. मध्ये जास्तीचे पैसे जमा झाले तर नंतर वसुली लागते आणि म्हाताऱ्या माणसाला ते फार जड जातं. कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के आणि त्यावर महागाई भत्ता. पीपीओवर (निवृत्तिवेतनाच्या आदेशावर) मोठ्याईंचं नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणेच आहे का ते पाहा, अडतं ते तिथेच. खातं दोघांच्या नावाने असेल तर बरंच सोपं. महानगरपालिकेतून मृत्यूच्या दाखल्याच्या जास्त प्रती काढून ठेवा. पुढच्या नोव्हेंबरपासून हयातीचा दाखला मोठ्याईंच्या नावाने द्यावा लागेल.

निळी_पाखरं

ताई, तुमचे मोठेबाबा तेच होते की नाही, मला सांगता येणार नाही. पण वाचता वाचता अंगावर काटा आला, म्हणून लिहिते.

मी अकोला जिल्ह्यातली. लहानपणी दसऱ्याला आईसोबत दीक्षाभूमीवर आले होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दीक्षा दिली, त्या दिवसासाठी आमच्या वस्तीतून दरवर्षी ट्रक निघायचा. स्तूपाचं काम तेव्हा चालूच होतं. एवढी गर्दी की पायाखालची जमीन दिसत नव्हती. पुस्तकांच्या दुकानापाशी आईचा हात सुटला.

एका पोलिसानं मला उचलून चौकीत नेलं. तिथे माझ्यासारखी पुष्कळ पोरं रडत होती. दुसरे पोलीस नाव विचारत होते, वडिलांचं नाव विचारत होते, आणि पोरं 'बाबा' म्हणून सांगत होती. हा माणूस माझ्यापाशी उकिडवा बसला आणि विचारलं, "घराच्या दारात उभी राहिली का काय दिसते तुले?" मी म्हटलं, पाण्याची टाकी आणि मारुतीचा पार. "ट्रकमध्ये तुझ्या बाजूले कोण बसलं होतं?" मी म्हटलं, विठाबाईची म्हातारी, तिला खोकला येतो. मग त्यांनी लाउडस्पीकरवर माझं नाव पुकारलंच नाही. पुकारलं ते असं: खोकला असलेली म्हातारी ज्या ट्रकात आहे, पाण्याच्या टाकीजवळची वस्ती, त्यांची मुलगी इथे आहे. आई धावत आली.

नंतर मी शिक्षिका झाले. पहिलीच्या मुलांना मी अजून असंच विचारते.

बंदोबस्त_जुना

वाचून बसून राहिलो. टाकळी लाइन, काटोल, मर्ग. म्हणजे आमचे दादाच. मी त्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी ज्युनिअर, आता मीही निवृत्त.

वहिनींना नमस्कार सांगा. त्यांच्या हातचा झुणका-भाकरीचा डबा आम्ही चौघं मिळून खायचो, दादांना घरी जाऊन खरं सांगायची सोय नव्हती.

दादांचं वैशिष्ट्य सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचा, म्हणजे इडापिडेच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीचा बंदोबस्त म्हणजे इतवारी-महालात मुंगीला जागा नसते. काळी आणि पिवळी मारबत नेहरू पुतळ्यापाशी भेटतात तेव्हा जो रेटा येतो तो ज्यानं अंगावर घेतला त्यालाच कळतो. बडगे नाचवणारे पोट्टे, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" अशी बोंब, वरून गॅलऱ्यांत बाया-पोरं. नवीन शिपाई घाबरून काठी उचलायला जायचा. दादा त्याच्या मनगटावर हात ठेवायचे. म्हणायचे, गर्दीकडे पाठ करू नको आणि गर्दीच्या तोंडासमोरही उभा राहू नको, बाजूला हो आणि वाट दाखव. वाट दिसली की माणूस आपोआप जाते. ही गोष्ट मला कुठल्या प्रशिक्षणात कोणी सांगितली नाही.

कंटाळवाणंही सांगतो, कारण लोकांना वाटतं पोलिसाचं आयुष्य सिनेमासारखं असतं. अधिवेशनात आम्ही सकाळी मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर उभे राहायचो ते रात्री सुटायचो. बाहेरगावची कुमक शाळांमध्ये, मंगल कार्यालयांत सतरंजीवर झोपायची. यशवंत स्टेडियमवरून एकामागून एक मोर्चे. पाणी कमी प्यायचो, कारण लघवीला जायची सोय नव्हती. किडनीचे, साखरेचे, पाठीचे रोग त्यातूनच लागले. बायकांची भरती झाली तेव्हा त्यांचे हाल आमच्यापेक्षा वाईट होते आणि दादांनी त्यासाठी साहेबांशी वाद घातलेला मी पाहिला आहे.

सक्करदरा_चौक

मृताबद्दल आदर ठेवून लिहितो. असा एक माणूस असतो हे मान्य. पण माझा लहान भाऊ घरातून निघून गेला तेव्हा आम्हाला ठाण्यात तासन्‌तास बसवून ठेवलं आणि "२४ तास थांबा, येईल परत" असं सांगून घरी पाठवलं. ठाण्याचं नाव लिहीत नाही. भाऊ सापडला, पण ती रात्र आई अजून विसरली नाही. धागा वाचताना कौतुकासोबत रागही येतो.

बंदोबस्त_जुना

राग बरोबर आहे, भाऊ. २४ तास थांबायचा नियम कुठेच नाही, कधीच नव्हता. मिसिंगची तक्रार ताबडतोब नोंदवायची असते. १८ वर्षांखालचं मूल असेल तर २०१३ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशापासून अपहरणाचा गुन्हाच दाखल करावा लागतो. हद्द आपली नाही म्हणून परत पाठवणंही चूक. कोणी नाही म्हटलं तर लेखी द्या म्हणावं, आणि वरिष्ठांकडे जावं.

दादा याच गोष्टीवर भांडायचे. मर्गवाल्याला मिसिंगचं रजिस्टर वेळेवर भरलेलं लागतं. तिकडे आई मुलगा हरवला म्हणून रडते, इकडे त्याच वयाचं पोरगं शवागारात पडलेलं असतं, आणि दोन ठाण्यांचे कागद एकमेकांना भेटत नाहीत. आता संगणकावर जुळवता येतं. त्यांच्या काळात ते सायकलवर जाऊन जुळवायचे.

शवागाराचा_डॉक्टर

मी न्यायवैद्यकशास्त्र शिकवतो. नागपुरातच शिकलो, शिकत असताना शवविच्छेदनगृहात जे पोलीस येत त्यांत हे एक होते, असं वर्णनावरून वाटतं. नक्की सांगत नाही, पण असा एक जमादार मला आठवतो जो आम्हाला हात जोडून सांगायचा, "डॉक्टरसाहेब, कपडे कापू नका, उतरवा."

आम्ही तेव्हा चिडायचो. प्रेत ताठरलेलं असतं, फुगलेलं असतं, कात्री लावणं सोपं. पण कापलेल्या कपड्याचा बिल्ला हरवतो, शिवण मोडते, काठ ओळखू येत नाही. चेहरा उन्हाळ्यात एका दिवसात बदलतो. नातेवाईक आला तर त्याला चेहरा दाखवून उपयोग नसतो, तो लुगड्याच्या काठावरून ओळखतो, गोंदणावरून ओळखतो, जुन्या हाडमोडीवरून ओळखतो. आपल्याकडच्या जुन्या बायकांच्या दंडावर, हनुवटीवर, पायांवर जे गोंदण असतं त्यावरून जात-जमात, कधी कधी गावसुद्धा कळतं. माणसांच्या हातावर नाव असतं, कधी स्वतःचं, कधी देवाचं.

आता डीएनए आहे. पण डीएनए जुळवायला समोर कोणीतरी नातेवाईक लागतो. त्या नातेवाइकापर्यंत पोचायचं काम आजही कॉलरीचा बिल्लाच करतो.

वह्या विसर्जित करू नका, ही हात जोडून विनंती. नावं झाकून त्या विद्यार्थ्यांना शिकवायला वापरता येतील.

वकील_धंतोली

कायद्याच्या बाजूने थोडं. मर्गची कार्यवाही तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली व्हायची. १ जुलै २०२४ पासून तीच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. मूळ पंचनामे, डायऱ्या हे सरकारी दस्तऐवज, ते घरी असता कामा नयेत. पेटीत एखादा मूळ कागद निघाला तर तो ठाण्याला परत करा. पण त्यांनी स्वतःच्या आठवणीसाठी स्वतःच्या वहीत जे लिहिलं ते वेगळं.

तरीही त्यात मेलेल्या माणसांची आणि जिवंत कुटुंबांची खासगी गोष्ट आहे. कुणी जीव दिला, कुणाच्या अंगावर काय खुणा होत्या. स्कॅन करून जालावर टाकणं मला मान्य नाही. डॉक्टरसाहेबांनी सुचवलं ते ठीक, तेसुद्धा ओळख पुसून.

गोवारी_माणूस

हा धागा दोन दिवस वाचतोय. लिहावं की नाही कळत नव्हतं.

२३ नोव्हेंबर १९९४. आमचा गोवारी समाज आदिवासींच्या सवलती मागायला विधानभवनावर आला होता. पोरंबाळं कडेवर घेऊन, भाकरी बांधून. संध्याकाळी लाठी चालली, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं मेली. त्यांत बायका आणि लेकरंच जास्त. आमच्या नात्यातली एक बाई त्यात गेली. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहीदांचं नाव दिलं, स्मारक झालं, आम्ही दरवर्षी तिथे येतो. मागणीचं काय झालं? २०१८ ला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं आमच्या बाजूनं निकाल दिला, २०२० ला सुप्रीम कोर्टानं तो फिरवला.

मला खाकी दिसली की तो दिवस दिसतो. तुमच्या मोठ्याबाबांना दोष देत नाही, मी त्यांना ओळखत नाही. फक्त विचारतो. ते त्या दिवशी कुठे होते? आणि वहीत त्या तारखेचं पान आहे का?

महालची_लेक

दादा, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. उत्तर द्यायला वेळ लागला, कारण मला आधी मोठ्याईशी बोलायचं होतं.

ते त्या दिवशी बंदोबस्तातच होते. टी-पॉइंटच्या मागच्या बाजूला. लाठी त्यांच्या हातात होती का, त्यांनी चालवली का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही आणि आता विचारता येणार नाही. त्यांची बाजू मांडायला मी हे लिहीत नाही. मोठ्याई सांगते की ते दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आले, कारण रात्रीतून त्यांना शवागारावर पाठवलं होतं. अंघोळ करून पाटावर बसले, जेवले नाहीत. एवढंच म्हणाले, "निवेदन घ्यायले एक माणूस खाली आला असता तर." त्यानंतर त्यांनी स्वतः जाऊन मर्गचं काम मागून घेतलं. त्याआधी ते ट्रॅफिकला होते. मला हे कालपर्यंत माहीत नव्हतं. मला वाटत होतं, त्यांना ते काम शिक्षा म्हणून मिळालं असावं.

हो, पान आहे. एक नाही, पुष्कळ पानं आहेत, आणि सगळ्यांत पहिल्या वहीची सुरुवातच तिथून होते. नावं नाहीत. लुगड्यांचे रंग, बांगड्या, गोंदण, लेकरांच्या गळ्यातले ताईत, कोणाच्या ओच्यात काय बांधलेलं होतं. काही ओळींपुढे नंतर गावाचं नाव लिहिलंय, म्हणजे ओळख पटली. काहींपुढे नाही. इथे मी ते उतरवणार नाही. ते तुमचं आहे, सगळ्यांनी वाचायचं नाही.

निळी_पाखरं

ताई, दादा, दोघांनाही नमस्कार.

शवागाराचा_डॉक्टर

त्या पानांना माझी विनंती लागू नाही, हे स्पष्ट करतो. ती पानं शिकवायला नकोत. बाकीच्या वह्यांचं बोलू.

पोळ्याचा_बैल

विषय थोडा बदलतो, माफ करा. वर कोणी लिहिलं नाही म्हणून विचारतो. नेत्रदान केलं का? आमच्या वडिलांच्या वेळी कोणाला सुचलं नाही आणि नंतर हळहळ राहिली.

महालची_लेक

केलं. वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर त्यांनीच लिहून ठेवलं होतं आणि मोठ्याईला सांगूनही ठेवलं होतं. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात, त्यामुळे आधी नेत्रपेढीला फोन, मग नातेवाइकांना. तोवर पंखा बंद, पापण्या मिटवून वर ओला कापूस, डोकं उशीवर थोडं उंच. त्यांना मधुमेह होता, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं, तरी चाललं. टीम घरी आली, फार वेळ लागला नाही, चेहरा काही वेगळा दिसला नाही. मानेवाडा घाटावर दुपारी अंत्यसंस्कार झाले.

वह्यांचं ठरलं ते सांगते. विसर्जन नाही, मुलींनी मान्य केलं. पेटीत दोन मूळ कागद निघाले, ते वकीलसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे ठाण्यात देऊन पोच घेतली. १९९४ ची वही सोडून बाकीच्या डॉक्टरसाहेबांना दाखवू, पण नावं आणि गावं मी स्वतः झाकेन, आणि वह्या घरातच राहतील. बंदोबस्त काकांनी काही अक्षरं लावायला मदत केली तर बरं होईल, त्यांचं मोडी वळणाचं अक्षर मला सगळीकडे लागत नाही.

गोवारी दादा, पहिली वही तुमच्यासाठी आणि तुमच्या समाजातल्या ज्यांना पाहायची असेल त्यांच्यासाठी. पुढच्या सोमवारी तेरवी आहे, त्यानंतर कुठल्याही रविवारी या. मोठ्याई म्हणते सकाळी या, जेवून जा. पत्ता आणि माझा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

गोवारी_माणूस

व्यनि मिळाला. तेरवीनंतरच्या पहिल्या रविवारी येतो. सोबत आमची आजी असेल, तिला जिना चढवत नाही. घर तळमजल्यावर आहे का तेवढं सांगा.

महालची_लेक

तळमजलाच आहे.